अर्धा गुण

रात्रप्रशालेच्या दुसऱ्या मजल्यावर साडेसातचा तास.
समोर अकरा जण.
मंडईत दिवसभर भाजी तोलणारे दोघे,
एक रिक्षावाला, खाकी सदरा घडी करून दप्तरात ठेवणारा,
आणि शेवटच्या बाकावर
तांबट आळीतला हेरंब निजामपूरकर, वय चौतीस.
त्याला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागतं.
ठोक्यांनी त्याचा डावा कान
केव्हाच बंद पाडलाय.

मी फळ्यावर सोडियम काढते, शेजारी क्लोरीन.
एकानं इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्यानं घेतला,
आणि त्या व्यवहारापायी दोघं जन्माचे चिकटले.
"म्हणजे उसनवारी?" रिक्षावाला विचारतो.
उसनवारी नाही, म्हणते मी, उसनं परत येतं.
"कुठं येतं, बाई?"
सगळा वर्ग हसतो. हेरंब जरा उशिरा,
शेजाऱ्यानं सांगितल्यावर.

मीठ वितळायला आठशे अंश लागतात.
साखर त्याच्या कितीतरी आधी
पातेल्यात तपकिरी होऊन बसते.
तिच्या रेणूच्या आत घट्ट भागीदारी,
पण रेणूरेणूंमधली ओळख
सोसायटीच्या जिन्यात मान हलवण्यापुरती.
हे मी दर वर्षी सांगते. दर वर्षी
कुणीतरी वहीत "जिना" असं लिहून ठेवतं.

मग पिशवीतून सैंधवाचा खडा काढून
टेबलावर ठेवते, वर हातोडी.
फटकन चुरा.
बघा, थर सरकला,
धनासमोर धन आला, ऋणासमोर ऋण,
आणि ज्यांनी धरून ठेवलं होतं
त्यांनीच एकमेकांना ढकललं.

"तांबं का नाय फुटत मग?" शेवटच्या बाकावरून.
उत्तर मला पाठ आहे.
धातूत इलेक्ट्रॉन कुणा एकाच्या नावावर नसतात,
सगळ्यांचे असतात, सगळीकडून वाहतात,
थर सरकला तरी कुणी परकं होत नाही.
मी हे दोनदा सांगते.
तो दोन्ही वेळा मान हलवतो, नाही म्हणून.

"फुटतं, बाई.
नुसतं ठोकत ऱ्हायलं तर हट्टाला पेटतं,
कडक होतं, काठाला चीर जाते.
तेव्हा लाल होईस्तोवर तापवायचं,
पाण्यात बुडवायचं,
मग परत ऐकायला लागतं."

हे आमच्या पुस्तकात नव्हतं.

एका रविवारी मी कसब्यातून मुद्दाम त्या आळीनं गेले.
तो बंबाच्या पोटावर मठार मारत होता,
ठोक्याला लागून ठोका,
मध्ये तांदळाएवढीही जागा न सोडता.
त्यानं मला पाहिलं नाही. मी हाक मारली
ती चुकीच्या कानाला.
उभी राहिले थोडा वेळ.
एकवीस वर्षं ज्यांना मी खडूनं सरकवत आले
ते अणू तिथे सरकत होते बहुतेक,
आणि दिसत होतं ते फक्त मनगट,
प्रत्येक ठोक्याआधी
केसभर थांबणारं.

सहामाहीत प्रश्न होता, गुण तीन:
मीठ ठिसूळ व तांबे वर्धनीय का, ते स्पष्ट करा.
हेरंबनं आकृती काढली होती,
गोळे नीटनेटके, एका मापाचे,
मधल्या सगळ्या जागेत बारीक ठिपके, एकही मोजून नाही.
खाली दोन ओळी:
तांबे ऐकते.
मीठ ऐकत नाही.

पेन हातात धरून बराच वेळ बसले.
आदर्श उत्तरात "वर्धनीयता" हा शब्द अधोरेखित होता,
त्याच्या उत्तरात कुठेच नव्हता.
मी पुण्याची आहे.
अडीच दिले.

पेपर घ्यायला आला तेव्हा त्यानं तो अंक
अंगठ्यानं चाचपला,
पत्र्याची जाडी बघावी तसा,
आणि विचारलं, "अर्धा कशात गेला?"
मी सांगितलं. उजव्या कानाशी जाऊन, एकदाच.
"वर्धनीयता," तो म्हणाला, सावकाश, जड शब्द.
"ठीक आहे, बाई. राहू दे तुमच्याकडे."

अजून आहे.